देवळालीचे गळके धुराडे आणि एका मिस्त्रींचे काम : सविस्तर अभिप्राय

नाशिकमध्ये ‘चिमणी गळते आहे’ असे सांगून कोणालाही फोन केला, की पलीकडून पहिला प्रश्न येतो तो ‘कोणत्या कंपनीची?’ हा. एका घरपोच सेवेने तर तेवढेही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा माणूस तेलकटपणा काढण्याचे रसायन, ब्रश आणि ओट्यावर अंथरायचे जुने कापड घेऊन आमच्या दारात हजर झाला, आणि दिवाणखान्यातील विटांच्या शेकोटीकडे पाहत काही वेळ तसाच उभा राहिला. आईने त्याला चहा देऊन परत पाठवले. दोष त्याचा नव्हता. छपरातून वर गेलेली, विटांत बांधलेली, खरोखर धूर बाहेर सोडण्यासाठी केलेली चिमणी आता या शहरात फार थोड्या घरांवर उरली आहे. देवळाली कॅम्पातील काही जुने बंगले, जुन्या नाशकातला किंवा पंचवटीतला एखादा वाडा, आणि तेथेही ती बहुधा वापरात नसते. घोटाळा नको म्हणून या अभिप्रायात मी ‘धुराडे’ हाच शब्द वापरणार आहे.

ज्या मिस्त्रींच्या कामाबद्दल हे लिहीत आहे त्यांचे नाव व क्रमांक येथे देत नाही, कारण त्यांनीच तशी विनंती केली. त्यांच्याकडे एकूण चार माणसे आहेत, वाड्यांच्या दुरुस्तीची कामे आधीच हातात आहेत आणि अनोळखी लोकांचे फोन घेणे त्यांना जमत नाही. नाव नसलेल्या अभिप्रायाचा वाचणाऱ्याला काय उपयोग, ही शंका मलाही आली. परंतु गळती शोधण्याची त्यांची रीत मी दोन दिवस शेजारी उभा राहून पाहिली, आणि आपल्या गवंड्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा धरावी हे त्या रीतीवरून ज्याचे त्याला ठरवता येईल, म्हणून ती तपशिलाने नोंदवतो.

आमचे घर देवळाली कॅम्पात आहे. ब्रिटिश अमदानीत बांधलेला हा बैठा बंगला आजोबांनी १९५८ साली विकत घेतला. काळ्या दगडाचे जोते, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागाचे वासे आणि त्यांवर मंगलोरी कौले, असे त्याचे साधे स्वरूप आहे. धुराडे एकच असले तरी त्याच्या पोटात दोन नळ्या आहेत : एक दिवाणखान्यातील शेकोटीची आणि दुसरी पाठीमागच्या स्वयंपाकघरातील चुलीची. घरात गॅस आल्यावर चूल गेली आणि तिची नळी वरून शहाबादी फरशीचा तुकडा ठेवून बुजवण्यात आली. शेकोटी मात्र माझ्या लहानपणापर्यंत डिसेंबर-जानेवारीत पेटत असे. शेजारच्या निफाडचा पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात झळकतो, तो ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना या शेकोटीचे नवल वाटणार नाही. हे धुराडे छपराच्या पश्चिम उतारावर, आढ्यापासून, म्हणजे दोन उतार जेथे वर मिळतात त्या माथ्याच्या रेषेपासून, सुमारे आठ फूट खाली, कौलांतून बाहेर पडते. कौलांवर त्याची उंची पाच फूट आहे आणि आढ्याच्या समांतर मोजल्यास रुंदी साडेतीन फूट भरते. ही मापे पुढे लागणार आहेत.

गळती २०२३च्या पावसाळ्यात प्रथम लक्षात आली. शेकोटीच्या वरच्या भिंतीवर पाटाएवढा, चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग उमटला, आणि छताच्या लाकडी फळ्या जेथे धुराड्याला भिडतात त्या कोपऱ्यातून पाणी टपकू लागले. पुढच्या वर्षी, मे २०२४मध्ये, जलरोधनाची कामे घेणाऱ्या एका कंपनीला बोलावले. तिच्या प्रतिनिधीने अंगणातूनच मोबाइलवर छायाचित्रे काढली, वीस मिनिटांत अंदाजपत्रक हातात ठेवले, आणि आठवडाभरात त्यांच्या माणसांनी माथ्याखालच्या चारही बाजू आणि कौलांशी असलेला सांधा जाळीचे कापड दाबून पांढऱ्या ॲक्रिलिक लेपाच्या तीन हातांनी झाकून टाकला. बावीस हजार रुपये झाले आणि दहा वर्षांची छापील हमी मिळाली. लांबून ते धुराडे लग्नघराच्या मांडवासारखे चकचकीत दिसत होते. जुलैच्या मध्यापर्यंत घर कोरडे राहिले. त्यानंतर कोपऱ्यातले थेंब परत सुरू झाले आणि भिंतीवरचा डाग आदल्या वर्षीच्या दुप्पट झाला. हमीची आठवण करून दिल्यावर ती सपाट गच्चीपुरती असते, उतरत्या छपराला लागू नाही, असे उत्तर मिळाले. त्या कागदावरच्या बारीक अक्षरांत खरोखरच तसे लिहिलेले होते, आणि ते न वाचता सही करणारा मीच होतो.

मिस्त्रींची माहिती पंचवटीत राहणाऱ्या मावसभावाकडून मिळाली. त्याच्या वाड्याचे छप्पर त्यांनी उतरवून पुन्हा चढवले होते. सप्टेंबरमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा पहिला तासभर छपराकडे गेलेच नाहीत. जमिनीवर बसून त्यांनी आईला विचारले, “काकू, पाणी पावसाबरोबर येतं, की पाऊस थांबल्यावर?” या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात लेखी उपलब्ध होते, कारण आई दुधाच्या हिशेबाशेजारी कालनिर्णयाच्या चौकटीत गळतीचीही नोंद ठेवते : किती वाजता टपकले, कोठून टपकले, खाली पातेले ठेवावे लागले की नुसते फडके पुरले. मिस्त्रींनी ती पाने जुलैपासून उलटत नेली आणि नोंदींचे चार गट पाडले. जोराची सर आली की काही मिनिटांतच शेकोटीच्या राखेच्या खड्ड्यात पाणी पडत होते. सर मोठी असली तर पाव तासात छताच्या कोपऱ्यातून टपकत होते, मग वारा कोणत्याही दिशेचा असो. दिवसभर पश्चिमेकडून भुरभुर लागून राहिली की तिसऱ्या प्रहरी, कधी पाऊस उघडल्यावरही, भिंत ओली दिसत होती. आणि चार-पाच दिवस असे निघाले की पाऊस अजिबात नव्हता, हवा मात्र कोंदट होती, आणि डाग तरीही काळवंडला होता. “ही एक गळती नाही काकू, चार आहेत,” असे म्हणून त्यांनी कालनिर्णयाच्या त्या पानांचे फोटो काढून घेतले.

नाशिककर पाऊस मोजतो तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, यावर गावात चर्चा होते. मीही गळतीचा संबंध तसाच लावत आलो होतो आणि मारुती बुडाल्याच्या दिवशी घर कोरडे कसे राहिले याचे कोडे मला उलगडत नव्हते. मारुतीपर्यंत चढणारे पाणी त्र्यंबकच्या डोंगरातल्या पावसाचे आणि गंगापूर धरणातून सोडलेल्या विसर्गाचे असते, आणि आमच्या धुराड्याला त्याच्याशी काही देणेघेणे नसते, हे त्या चार गटांकडे पाहिल्यावर ध्यानात आले.

पाण्याची प्रत्यक्ष चाचणी परतीचा पाऊस पूर्ण संपून वासे कोरडे झाल्यावरच करायची, असे त्यांनी सांगितले व त्यासाठी नोव्हेंबर उजाडला. दरम्यान डागावर दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून ठेवला होता. कागदाच्या खोलीकडच्या बाजूस दव धरले तर ओल हवेतली, भिंतीकडच्या बाजूस धरले तर आतून येणारी, असा त्याचा साधा अर्थ. आमच्याकडे पाणी भिंतीच्या बाजूला जमले. दोन टोकांचा ओलमापकही त्यांच्याजवळ होता, पण त्याच्या आकड्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. भिंतीत क्षार असले की विजेला वाट मिळते आणि मापक खोटाच मोठा आकडा दाखवतो, म्हणून एकाच ठिकाणची आधीची व नंतरची तुलना करण्यापुरताच ते त्याचा उपयोग करतात.

चाचणीचा दिवस माझ्या दृष्टीने या सगळ्या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग होता. छताच्या दोन फळ्या काढून मिस्त्री स्वतः विजेरी घेऊन वाशांमध्ये बसले, आणि त्यांचा मुलगा झारीसारखे तोंड लावलेला पाण्याचा पाइप घेऊन वर गेला. पाणी जोराने मारायचे नाही, पावसासारखे पडू द्यायचे, आणि सुरुवात सर्वांत खालून करायची, असा दंडक होता. वरून सुरुवात केली तर ओघळ खालचे सगळे सांधे भिजवत येतो आणि चोर कोणता ते कळत नाही. पहिली वीस मिनिटे धुराड्याच्या खालची कौले आणि पुढचा सांधा भिजवला. आत काही आले नाही. उत्तरेचा सांधा पंधरा मिनिटे टिकला. दक्षिणेच्या सांध्याने अकराव्या मिनिटाला वाशावर ओली रेघ उमटवली. त्यानंतर पाणी मागच्या, म्हणजे आढ्याकडच्या बाजूस नेले आणि चौथ्या मिनिटाला आतून “बंद कर” अशी हाक आली. ज्या कोपऱ्याखाली आई पातेले ठेवत असे, नेमक्या त्याच ठिकाणी धार लागली होती. त्या खोबणीतून मुलाने गुलमोहराच्या कुजलेल्या पानांचा ओंजळभर लगदा काढला.

येथे थांबून काम सुरू करण्याचा मोह मला तरी झाला असता. त्यांनी मात्र भिजलेले सांधे प्लॅस्टिकच्या परकराने झाकले, म्हणजे वरून येणारे पाणी सांध्याला न शिवता कौलांवर उतरेल, आणि मग धुराड्याचे अंग व माथा तपासायला घेतला. पश्चिमेच्या अंगावर पन्नास मिनिटे पाणी सोडूनही आत काही दिसले नाही, कारण ॲक्रिलिकचा लेप शाबूत होता. माथ्यावर पाणी पडताच मात्र चित्र पालटले. माथ्याच्या गिलाव्यात आडवी भेग होती. वीस मिनिटांत लेपावर फुगे धरू लागले आणि मुलाने त्यातला एक स्क्रूड्रायव्हरने टोचला तेव्हा आतून तपकिरी पाणी ओघळले. माथ्याच्या भेगेतून विटांत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट लेपाने बंद केली होती, आणि ते सोयीस्कर दिशा म्हणून दिवाणखान्याच्या भिंतीत उतरत होते. डाग दुप्पट का झाला, याचे उत्तर बावीस हजारांच्या त्या पापुद्र्यात होते. मी मध्येच एक शहाणपणाची सूचना केली होती की पाण्यात थोडी नीळ घालावी, म्हणजे वाट लगेच कळेल. जुन्या पद्धतीची नीळ पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते, त्यामुळे ती चुन्यात अडकून बसेल, आत काही दिसणार नाही आणि वीट मात्र कायमची निळी होईल, असे सांगून त्यांनी ती नाकारली.

दुसऱ्या दिवशी गरम हवेचे यंत्र आणि पत्री घेऊन लेप सोलायला सुरुवात झाली आणि खरा शोध तेव्हा लागला. लेपाखाली, कौलांलगत, सिमेंटचा वाटा होता, म्हणजे कोपऱ्यात तिरका भरलेला माल. तो आमच्या वडिलांनी केव्हातरी करून घेतला असावा. तो छिन्नीने उडवल्यावर विटांच्या दरजांतून, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यांतून, पायरीपायरीने वर चढत गेलेली एक खाच उघडी पडली आणि तिच्यात दोन ठिकाणी शिशाच्या पत्र्याचे दुमडलेले तुकडे सापडले. बंगला बांधणाऱ्याने सांध्यावर शिशाची पट्टी बसवली होती, जिला कंत्राटदार फ्लॅशिंग म्हणतात. ती नंतर भंगारात गेली असणार, आणि तिच्या जागी सिमेंट आले. साग पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, वाशांवरचे छप्पर त्याच्याबरोबर थोडे हलते. विटांचे धुराडे आपल्या पायावर स्वतंत्र उभे असते आणि हलत नाही. या दोघांना सिमेंटने किंवा लेपाने एकमेकांना चिकटवले, तर चिकटवलेला भाग फाटणारच, आणि केसाएवढी फट पडली तरी पाण्याला ती पुरते. म्हणून हा सांधा दोन सुट्या पत्र्यांचा लागतो : एक पत्रा छपराबरोबर हलणारा, कौलांखालून येऊन धुराड्याला लागून सहा इंच उभा राहणारा, आणि दुसरा धुराड्याच्या खाचेत अडकवून पहिल्यावर तीन इंच झालरीसारखा पांघरलेला. दोघे एकमेकांना शिवत असतात, पण कोठेही जोडलेले नसतात. हे वाक्य मी मिस्त्रींच्या तोंडून ऐकले तेव्हा गेल्या दोन वर्षांतला सगळा खर्च मला एकदम समजला.

मागच्या बाजूला एवढ्यानेही भागणार नव्हते. आठ फूट उतारावरून येणारे पाणी साडेतीन फूट रुंदीच्या सपाट विटांवर आदळून तेथेच घुटमळते आणि पाने साठवते. त्यासाठी धुराड्याच्या पाठीशी दोन बाजूंना उतार असलेला, लहानशा छपरासारखा पत्र्याचा उंचवटा करावा लागतो, म्हणजे पाणी दुभंगून दोहीकडून निघून जाते. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत धुराडे आढ्यावर नसेल आणि ३० इंचांपेक्षा रुंद असेल तर हा उंचवटा बंधनकारक आहे; आमचे ४२ इंच आहे. मिस्त्रींनी ती संहिता वाचलेली नाही. त्यांनी वाड्यांची छपरे वाचली आहेत आणि ते त्याच मुक्कामाला पोचले.

पत्रा कोणता वापरावा यावरून आमचा थोडा वाद झाला. नाशिकचे तांबट प्रसिद्ध; त्यांच्याकडून तांब्याचा पत्रा ठोकून घ्यावा आणि घराला एक देखणी गोष्ट जोडावी, अशी माझी हौस होती. आमच्या पन्हळी जस्त चढवलेल्या जीआय पत्र्याच्या आहेत. तांब्यावरून आलेले पाणी जस्तावर पडत राहिले की जस्त खाल्ले जाते आणि चार-दोन पावसाळ्यांत पन्हळीला भोके पडतात, म्हणून एकतर पन्हळीही तांब्याच्या करा किंवा हौस सोडा, असा त्यांचा निर्वाळा होता. हौस सोडली. २४ गेजचा जीआय पत्रा आणला, जुनी खाच इंचभर खोल साफ करून त्यात कड बसवली, पाचर मारून वरून पॉलियुरेथेन सीलंट भरले. चुन्याच्या मालाला लागणाऱ्या कडेला आधी डांबरी रंगाचा हात दिला होता, कारण ओला चुना जस्तालाही सोडत नाही.

माथा पूर्ण काढून नवा ओतला. मध्यभागी चार इंच जाड, चारी बाजूंना उतरता, विटांच्या बाहेर दोन इंच आलेला, आणि बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला बोटभर खाच, जेणेकरून पाणी विटेकडे वळण्याऐवजी तेथेच टपकावे. माथा आणि विटा यांच्यामध्ये डांबरी कागद घातला, म्हणजे दोघांनी आपापल्या परीने तापावे व निवावे. शेकोटीच्या नळीवर पत्र्याची टोपी आणि पारव्यांसाठी स्टीलची जाळी आली. राखेच्या खड्ड्यात पडणारे पाणी इतक्या साध्या उपायाने थांबणारे होते, ही जरा ओशाळवाणी गोष्ट आहे. चुलीच्या नळीवरची शहाबादी फरशी काढून तेथेही टोपीच बसवली, आणि शेकोटीच्या तोंडाला आम्ही ठोकलेल्या प्लायवूडमध्ये खाली एक जाळीची खिडकी पाडली. न वापरलेली नळी वरखाली दोन्हीकडून बंद केली की आतली दमट हवा तेथेच मुरते. वारा खेळता ठेवला तर विटा सुकतात.

विटांच्या दरजा मात्र सिमेंटने भरायच्या नाहीत, यावर ते ठाम होते. जुनी वीट मऊ असते, सिमेंट तिच्याहून कडक आणि कमी शोषणारे असते; त्यामुळे ओल दरजेतून बाहेर पडण्याऐवजी विटेतून पडू लागते आणि विटेचाच चेहरा झडतो. पश्चिमेच्या अंगावरच्या दरजा पावसाने इतक्या खाल्ल्या होत्या की लेप निघाल्यावर केलेल्या दुसऱ्या चाचणीत तासाभराने आतली वीट काळी पडली. त्या इंचभर खोल उकरून एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू आणि थोडी सुरखी (विटांची भुकटी) अशा मालाने भरल्या व आठवडाभर वर ओले गोणपाट टांगून ठेवले. चुना ऊन लागून भराभर सुकला तर भुसभुशीत होतो, म्हणून डिसेंबरचे सौम्य ऊन या कामाला बरे. विटांवर सिलेन-सिलॉक्झेनचे, वाफेला अडवत नाही असे, पाणी झटकणारे द्रावण मारावे का, असे मी विचारले. एक पावसाळा काढू द्या, गरज लागली तर पाहू, असे उत्तर मिळाले; विकायला काही हाती असूनही न विकणारा माणूस मला या व्यवहारात प्रथमच भेटला.

या पावसाळ्याने परीक्षा लवकरच घेतली. २०२५मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला, नाशकातही मेमध्येच सरींवर सरी आल्या आणि कांदेवाल्यांचे हाल झाले. आम्ही पातेली काढून ठेवली होती. ती लागली नाहीत. सबंध पावसाळ्यात छताच्या कोपऱ्यातून एकही थेंब आला नाही, शेकोटीचा खड्डा कोरडा राहिला, आणि पश्चिमेची भुरभुर लागून राहिलेल्या दिवसांतही आतल्या विटा कोरड्या होत्या. चौथी गळती, म्हणजे पाऊस नसताना काळवंडणारा डाग, अजून आहे. तो थांबणार नाही हे त्यांनी नोव्हेंबरमध्येच सांगितले होते. वर्षानुवर्षांच्या धुरातले क्षार पाण्याबरोबर विटांतून गिलाव्यात आले आहेत आणि हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. आपण ज्याला भिंतीला लोणा लागणे म्हणतो त्याचेच हे काजळी नातेवाईक. त्यावर पुट्टी किंवा पीओपी लावणे म्हणजे पैसे घालून पोपडे विकत घेणे. गिलावा डागाच्या बाहेर फूटभर खरवडून काढायचा, वीट उघडी ठेवून एक वर्ष सुकू द्यायची, क्षार वर आले की कोरड्या ब्रशाने झाडायचे, धुवायचे नाहीत, आणि मग चुन्याचा गिलावा करायचा. त्यामुळे आमच्या दिवाणखान्यात गेले दहा महिने पाहुण्यांच्या नजरेसमोर उघड्या विटांचा चौकोन आहे आणि आई त्याविषयी नाराज आहे.

आता तक्रारी. मिस्त्री सांगितलेल्या दिवशी येत नाहीत. प्रत्येक वेळी दोन दिवस उशीर, आणि तो आधी कळवण्याची पद्धत नाही. लेखी अंदाजपत्रक तीनदा मागितल्यावर मिळाले. परांची नीट बांधलेली होती, पण मुलगा कमरेला पट्टा न लावता कौलांवर वावरत होता. मी हटकल्यावर एक दिवस लावला आणि दुसऱ्या दिवशी परत काढला. माझ्या घराच्या छपरावर हे चालू देणे ही माझीही चूक मानतो. कामात चौदा कौले फुटली. मंगलोरी कौलांचा उद्योग १८६५ साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगलोरात सुरू केला, आणि तेव्हापासून प्रत्येक कारखान्याची खोबण थोडी वेगळी असते; नवी कौले आमच्या जुन्यांत बसेनात, म्हणून पाडलेल्या वाड्यांचे सामान विकणाऱ्याकडून शोधून आणावी लागली आणि त्या शोधात चार दिवस गेले, शिवाय २,४०० रुपये माझ्याकडून गेले. फुटलेल्या कौलांचा खर्च कोणाचा, हे आधी ठरवून घ्यायला हवे होते.

एकूण खर्च ६२,४०० रुपये झाला. त्यातले ३,००० चाचणीचे आणि ९,५०० आधीचा लेप सोलण्याचे. हमी छापील नाही; वहीच्या कागदावर हाताने लिहून दिली आहे, पत्र्याच्या कामाची व माथ्याची दोन वर्षांची, आणि दरजांची काहीच नाही, कारण चुन्याच्या दरजा दर काही वर्षांनी पाहाव्याच लागतात असे त्यांचे म्हणणे. पाचपैकी गुण द्यायचे तर चाचणीला पाच, पत्र्याच्या आणि चुन्याच्या कामाला साडेचार, वेळेला दोन, आणि सुरक्षिततेला एक. सगळे मिळून चार देतो, कारण हे काम करून घेताना मला जो ताप झाला तो कामाच्या आसपासचा होता, कामातला नव्हता.

ज्यांना अशा कामासाठी माणूस निवडायचा असेल त्यांनी माझ्यासारखे हमीच्या वर्षांकडे पाहू नये. पाणी केव्हा येते हे तो विचारतो का, फळ्या काढून आत शिरतो का, पाइप खालून वर नेतो का, आणि धुराडे व छप्पर एकमेकांना चिकटवण्याच्या गोष्टी करतो की सुटे ठेवण्याच्या, एवढे पाहिले तरी पुरे. आणि कागदावरची बारीक अक्षरे सही करण्याआधी वाचावीत.

आईच्या कालनिर्णयात सप्टेंबरच्या पानावर गळतीच्या फक्त दोन नोंदी आहेत आणि दोन्ही सारख्याच आहेत : ‘टपक नाही. भिंत काळी.’ मिस्त्रींनी परवा येऊन उघड्या विटांवर हात फिरवला, ओलमापकाचे टोक गेल्या वर्षीच्याच खुणेवर टेकवले आणि आकडा निम्म्यावर आल्याचे दाखवले. चुन्याच्या गिलाव्यासाठी दिवाळीनंतरचा पहिला सोमवार ठरला आहे. आईने फराळाचा डबा मात्र बुधवारसाठी बाजूला काढून ठेवायचे ठरवले आहे.